मणका ‘बसवून’ घेण्यापूर्वी…

परवा सकाळी शाहूपुरीतला दवाखाना उघडला, तेव्हा पायरीवरच एक गृहस्थ कंबरेवर हात ठेवून, एका अंगाला कलून उभे होते. मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणारे हमाल. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी पैलवानी. आदल्या दिवशी रवा उचलताना कंबरेत लचक भरली होती. खुर्चीत बसवेना, म्हणून उभ्यानेच त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि मला एक चित्रफीत दाखवली. कुशीवर झोपवलेल्या माणसाला एक जण झटका देतो, ‘कडाड्’ असा आवाज येतो आणि वाकत आलेला तो माणूस हसत ताठ उभा राहतो.

“डॉक्टर, ह्यो माणूस एका झटक्यात सरळ झाला बघा. पोरं म्हणत्यात ह्येला कायरोप्रॅक्टिक म्हणत्यात. मी बी जाऊन करून घेऊ काय?”

हा प्रश्न अलीकडे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. कधी कॉलेजचा मुलगा, कधी शिवणकाम करणारी गृहिणी, कधी दिवसभर मोटारसायकलवर फिरणारा विक्रेता. ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून आज या स्तंभात त्याचा सविस्तर विचार करू.

उसण, पायाळू आणि वस्ताद

हाताने कंबर ‘बसवणे’ आपल्याकडे नवे नाही. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाचा, पाय पाठीला लावून घ्यायची रीत खेडोपाडी होती आणि अजूनही आहे. कोल्हापूर तर तालमींचे गाव. तालमीतले वस्ताद तेल लावून अंग रगडत, लचकलेला घोटा चोळून देत, निखळलेला खांदा बसवत. त्यांच्या हातांना अनुभवाने आलेली जाण होती, हे मान्य करायलाच हवे.

मात्र येथे एक गोष्ट समजून घ्यावी. खांदा खरोखरच निखळतो. हाडाचा गोल भाग खोबणीतून बाहेर येतो आणि तो परत आत बसवावा लागतो. कंबरेचा मणका असा निखळत नाही. कंबरेत पाच मणके आहेत. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी, मागच्या बाजूला दोन छोटे सांधे आणि भोवती जाड स्नायू व अस्थिबंध अशी त्यांची भक्कम बांधणी असते. मोठा अपघात झाल्याशिवाय मणका सहसा असा एकाएकी जागचा हलत नाही. तेव्हा ‘तुमचा मणका सरकला होता, मी बसवला’ असे कोणी म्हटले, तर त्याच्या हाताला गुण असेलही, पण त्याने सांगितलेले कारण बरोबर नाही.

‘मणक्यात गॅप आहे’ हे दुसरे वाक्यही असेच माणसाला घाबरवते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र मांडण्यात आले. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. डोक्याचे केस पांढरे व्हावेत, तसाच हा प्रकार आहे. चित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत एखादे ठरावीक हाड किंवा गादी दोषी आहे असे बोट दाखवून सांगता येत नाही.

१८९५ साल

राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली ती १८९५ साली. योगायोग असा, की कायरोप्रॅक्टिकचा जन्मही त्याच वर्षीचा मानतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ होते. आधी त्यांचे किराणा दुकान होते, पुढे ते हस्तस्पर्शाने उपचार करू लागले. हार्वे लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर झटका दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा दावा त्यांनी केला. ग्रीक भाषेतील ‘हात’ आणि ‘कृती’ या दोन शब्दांवरून या पद्धतीला नाव मिळाले.

मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंवर दाब येतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच होतात, असे पामर यांचे म्हणणे होते. याला पुरावा मिळालेला नाही. मणका हलवून मधुमेह, दमा किंवा बहिरेपणा बरा करण्याचे आश्वासन आजही कोणी देत असेल, तर तेथून उठून यावे. कंबरदुखीपुरता मात्र या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास पुष्कळ झाला आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

तो आवाज कशाचा?

आजी नातवाची दृष्ट काढताना त्याच्यावरून हात ओवाळते आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटे मोडते. पाठीतून येणारा आवाजही तसलाच. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटक्याने दूर झाले की आतला दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोट मोडतानाच एमआरआय काढून ही पोकळी प्रत्यक्ष पाहण्यात आली. एकदा आवाज आला की तोच सांधा पुढची काही मिनिटे पुन्हा वाजत नाही.

थोडक्यात, तो आवाज हाड जाग्यावर बसल्याचा नसतो. आवाज न येताही आराम पडतो आणि मोठा आवाज येऊनही दुखणे तसेच राहू शकते. बोटे मोडण्याने संधिवात होतो, ही समजूतही खरी ठरलेली नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी पन्नासहून अधिक वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्या हाताची नाही. शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. या चिकाटीबद्दल त्यांना २००९ साली गमतीचे ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले.

निरनिराळी तंत्रे

कायरोप्रॅक्टिक म्हणजे एकच एक झटका नव्हे. कंबरेसाठी प्रामुख्याने चार तंत्रे वापरली जातात.

पहिले, हाताचा झटका. चित्रफितींत दिसते ते हेच. रुग्णाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे घेतात, खांदा मागे धरून ठेवतात आणि कंबरेवर अगदी कमी अंतराचा पण जलद दाब देतात. ताकदीपेक्षा वेगाचे काम जास्त. आवाज बहुधा यातच येतो. नुकत्याच भरलेल्या साध्या लचकेत याचा उपयोग होऊ शकतो. हाडे ठिसूळ झालेल्यांसाठी हे तंत्र नाही.

दुसरे, खाली बसणारे टेबल. क्ले थॉम्प्सन यांनी हे तंत्र रूढ केले. टेबलाचा एक भाग थोडा वर उचलून अडकवलेला असतो. उपचार करणारा दाब देतो, तेव्हा तो भाग ‘धप्प’ असा खाली बसतो. झटक्याचा काही भार टेबल घेते, त्यामुळे शरीराला पीळ द्यावा लागत नाही. कुशीवर वळणे ज्यांना जमत नाही, त्यांना हे सोपे पडते.

तिसरे, स्प्रिंगचे उपकरण. मुठीत मावणारे छोटे यंत्र मणक्याजवळ टेकवून ‘टक्’ असा हलका ठोका देतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत हे पुढे आले. त्यात पीळ नाही, मोठा आवाज नाही, म्हणून भित्र्या माणसाला ते बरे वाटते.

चौथे, वाकवून ताणणे. जेम्स कॉक्स यांच्या नावाने ते ओळखले जाते. रुग्ण पालथा झोपतो. टेबलाचा पायाकडचा अर्धा भाग हळूहळू खाली वाकतो आणि उपचार करणारा कंबरेवर हात ठेवून मणक्यांना सावकाश ताण देतो. येथे झटका नसतो. गादी फुगून पायात कळ जाणाऱ्या रुग्णांसाठी मुख्यतः हे वापरतात.

आपल्या ओळखीची फिजिओथेरपीही या कामात मागे नाही. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी सांधा हळुवार झुलवत मोकळा करण्याची पद्धत बसवली. त्यात जोर पायरीपायरीने वाढवतात आणि रुग्ण कधीही ‘थांबा’ म्हणू शकतो. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांनी तर रुग्णालाच स्वतःचा वैद्य केले. कोणत्या हालचालीने पायातली कळ मागे सरकून कंबरेपुरती राहते ते शोधायचे आणि तीच हालचाल घरी दिवसातून अनेकदा करायची.

मग सरस कोणते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने कंबर धरलेल्या १०७ जणांचे तीन गट केले. एकाला हाताचा झटका, दुसऱ्याला स्प्रिंगचे उपकरण आणि तिसऱ्याला नेहमीचा वैद्यकीय उपचार. चार आठवड्यांनी हाताच्या झटक्याचा गट पुढे होता. उपकरण आणि नेहमीचा उपचार यांत फरक दिसला नाही. पण तीन आणि सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा तिन्ही गट जवळपास सारखेच झाले होते.

वाकवून ताणण्याच्या तंत्राची तुलना २००६ साली व्यायामाशी करण्यात आली. त्यात २३५ जुनाट रुग्ण होते. दोन्ही गटांना आराम पडला. ताणाच्या गटाचे दुखणे थोडे अधिक कमी झाले आणि पायात कळ जाणाऱ्यांना त्याचा फायदा जास्त दिसला.

२०२१ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ‘दोषी’ मणका नेमका शोधून त्यावर दिलेला दाब आणि त्याच्या आसपास कोठेही दिलेला दाब यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘तुमचा चौथा मणका दोन मिलिमीटर डावीकडे आहे’ असे सांगून वारंवार एक्स-रे काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हाताचे उपचार आणि इतर मान्य उपचार यांची तुलना पाहायची, तर २०१९ साली ४७ चाचण्यांतील नऊ हजारांहून अधिक जुनाट रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. मणक्यावरचे हस्तोपचार हे व्यायामासारख्या अन्य मान्य उपचारांच्या तोडीचे ठरले, त्यांहून फारसे सरस नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे, मालिश यांच्याबरोबर मणक्यावरचे हस्तोपचारही आहेत. सरसकट कंबरपट्टा बांधणे आणि वजने लावून ताण देणे यांची मात्र शिफारस केलेली नाही. आपल्याकडे घरोघरी खुंटीला पट्टे लटकत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

माझे मत विचाराल, तर तंत्रातंत्रांत फरक आहे, पण तो थोडा आणि थोड्या दिवसांचा. झटका, ठोका किंवा ताण यांनी दुखणे हलके झाले, तर त्या सवडीचा उपयोग चालण्यासाठी आणि व्यायामासाठी करून घ्यावा. जो माणूस दर महिन्याला फक्त ‘बसवून’ घेतो आणि एरवी हालचाल करत नाही, त्याची कंबर पुन्हा पुन्हा धरते.

हात लावण्याआधी तपासणी

तंत्राच्या निवडीहून कितीतरी मोठा फरक एका गोष्टीने पडतो. पाठीला हात लावण्यापूर्वी कोणी तपासले की नाही?

काही वर्षांपूर्वी शिरोळ तालुक्यातून तिशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. तीन महिने पाठ दुखत होती. एका शिबिरात दोनदा पाठ मोडून घेतली होती. दुसऱ्या वेळेनंतर पाय जड झाले आणि चप्पल पायातून निसटू लागली. मी विचारले, “ताई, रात्री दुखतं का?” म्हणाल्या, “रात्रीच जास्त दुखतंय.” संध्याकाळी कसकस, भूक नाही, वजन उतरलेले. हे सारे त्यांनी मला दोन मिनिटांत सांगितले, कारण मी विचारले. शिबिरात कोणी विचारलेच नव्हते. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षयरोग निघाला. किडलेल्या मणक्यावर झटके बसले होते. शस्त्रक्रिया झाली, वर्षभर औषधे झाली आणि आज त्या चालतात. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. पण आणखी पंधरा दिवस उशीर झाला असता, तर चालणे परत आले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही.

आपल्या देशात क्षयरोग अजून घरोघरच्या ओळखीचा आहे. म्हणून परदेशी चित्रफिती पाहून पाठ मोडून घेणाऱ्याने हे विसरू नये. पुढील लक्षणे असतील, तर पाठीवर झटका घेऊ नये, आधी डॉक्टरांना दाखवावे:

• रात्री वाढणारे किंवा पडून राहूनही न थांबणारे दुखणे, ताप, वजन घटणे
• पूर्वी कर्करोग झालेला असणे
• पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे
• हाडांचा ठिसूळपणा, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे
• पायाची ताकद कमी होणे, पाऊल उचलता न येणे

आणि लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. तासाभराचाही उशीर न करता सीपीआर किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ही खूण असते आणि तेथे तासांना किंमत असते.

मानेविषयी वेगळे सांगतो. कंबरेच्या झटक्यानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे, एवढाच त्रास बहुधा होतो. मानेत मात्र मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांना लागूनच असतात. मानेच्या झटक्यानंतर त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. प्रमाण कमी आहे, पण ज्याला होते त्याचे आयुष्य बदलते. दाढी-कटिंगनंतर न्हावीदादा मायेने मान ‘कट्ट’ करून देतात. त्यांना तितक्याच मायेने ‘मान राहू द्या’ म्हणावे.

कोणाकडे जावे?

डॉक्टरांची जशी कायद्याने नोंदणी होते, तशी कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र नोंदणी आपल्याकडे नाही. परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला आणि चित्रफिती पाहून शिकलेला, दोघेही तीच पाटी लावू शकतात. त्यामुळे विचारून घेणे आपल्यावरच येते. कोठे शिकलात? किती वर्षे? मला आधी तपासणार का? किती वेळा यावे लागेल? प्रामाणिक माणूस या प्रश्नांवर रागावत नाही. सहा-आठ खेपांत फरक पडला नाही, तर तोच उपचार पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. पहिल्याच दिवशी चाळीस खेपांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे. पदवीधर फिजिओथेरपिस्ट जवळ असेल, तर तेथून सुरुवात करणे मला अधिक सुरक्षित वाटते. हाताचे उपचार आणि व्यायाम दोन्ही तेथे एकत्र मिळतात.

आता हमालमामांचे काय झाले ते सांगतो. त्यांना उभ्यानेच सगळे विचारले, मग आडवे करून पाय उचलून पाहिले, अंगठ्याची ताकद पाहिली. धोक्याची खूण एकही नव्हती. साधी लचक होती. “मामा, झटका घेतला तर तुमचं वाईट होईल असं नाही. पण आठ दिवस माझं ऐका,” असे सांगितले. गरम पाण्याची पिशवी, तीन दिवसांच्या गोळ्या, अंथरूण न धरता दर दोन तासांनी दहा मिनिटे चालणे. कामावर गेल्यावर रवा अंगाजवळ घेऊन, गुडघ्यात वाकून उचलायचा आणि उचलल्यावर कंबरेत न पिळता पायांनी वळायचे.

नवव्या दिवशी ते ताठ चालत आले. “डॉक्टर, झटका न घेताच सरळ झालो की!”

मी म्हटले, “मामा, त्या दिवशी झटका घेतला असता आणि नऊ दिवसांनी बरे झाला असता, तर गुण कुणाला दिला असता?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, “झटक्यालाच की.”

नव्याने भरलेली लचक बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरणीला लागते. त्या काळात जो शेवटचा हात लावतो, त्याच्या पदरात यश पडते, मग तो पायाळू असो, वस्ताद असो, कायरोप्रॅक्टर असो की माझ्यासारखा डॉक्टर. पुढच्या वेळी मोबाइलवर कोणी एका झटक्यात सरळ होताना दिसले, तर एवढेच पाहावे की झटका देण्यापूर्वी त्याला कोणी काही विचारले होते का.